कूर्चेची कॅप्सूल, चिकाची पावडर आणि रिकामा अर्क

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतली एक छोटी कंपनी प्राणिजन्य पूरक पदार्थ विकते. त्यातले दोन या प्रकरणात येतात: शार्कच्या कूर्चेची (कार्टिलेजची) कॅप्सूल आणि गाईच्या चिकाची पावडर. मालक दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरातले. त्यांना प्रयोगशाळेकडून दोन कागद हवे होते. कूर्चा नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखते असा एक आणि चीक ती वाढवतो असा दुसरा. चाचणी ठरली कोंबडीच्या अंड्यावरची. पहिल्या फेरीत दोन्ही निकाल हवे तसे आले, दुसऱ्या फेरीत दोन्ही हातचे गेले. ते का गेले, याचा हा तपशील.

प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेलं आहे. माणसं, कंपनी आणि अंड्यांचे आकडे कल्पित, रसायनशास्त्र आणि चुका खऱ्या.

दावे आले कुठून

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. १९७१ मध्ये ज्यूडा फोकमन यांनी मांडलं की कर्करोगाच्या गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या अडवल्या तर गाठ अडेल. तेव्हापासून कूर्चेकडे लक्ष गेलं: जिथे वाहिन्या शिरत नाहीत, तिथे त्यांना अडवणारं काहीतरी असणार. १९७५ मध्ये ब्रेम आणि फोकमन यांनी सशांवर ते दाखवलं. १९८३ मध्ये ली आणि लँगर यांनी बास्किंग शार्कच्या कूर्चेचा, ग्वानिडीन या रसायनात काढलेला अर्क सशाच्या डोळ्याच्या पारपटलात, गाठीशेजारी ठेवला आणि वाहिन्यांची वाढ मंदावलेली पाहिली. इथपर्यंत विज्ञान चोख आहे. पुढे १९९० च्या दशकात 'शार्कला कर्करोग होत नाही' ही आवई उठली (होतो) आणि पावडरीच्या बाटल्या खपू लागल्या.

रुग्णांवरच्या चाचण्यांनी मात्र साथ दिली नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्करोग पुढे गेलेल्या ६० रुग्णांना रोज शरीराच्या दर किलोमागे १ ग्रॅम कूर्चा पावडर दिली, उपयोग दिसला नाही. एई-९४१ या द्रवरूप कूर्चा अर्काची चाचणी फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ३७९ रुग्णांवर झाली. २०१० मध्ये छापलेल्या निकालात मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो) अर्क घेणाऱ्यांत १४.४ महिने आणि न घेणाऱ्यांत १५.६ महिने होतं, म्हणजे फायदा शून्य. मालकांना पहिल्याच बैठकीत हे सांगायला हवं होतं. ते सांगितलं गेलं चौथ्या महिन्यात. प्रकरणातली पहिली चूक ही, आणि ती अंड्याला हात लावण्याआधीची.

चिकाची गोष्ट वेगळी. मराठी घरात चीक म्हणजे खरवस, शेजारच्या गुजराती घरात बळी. व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधात प्रतिपिंडांबरोबर वाढीला चालना देणारी प्रथिनं असतात: आयजीएफ-१, टीजीएफ-बीटा वगैरे. त्यामुळे 'वाहिन्या वाढवतो' हा दावा अगदीच हवेतला नाही. पण त्याच चिकात लॅक्टोफेरिन हे प्रथिन असतं, आणि गाईचं लॅक्टोफेरिन तोंडावाटे दिल्यावर उंदरांच्या आतड्याच्या पडद्यात व्हीईजीएफ या वाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनामुळे होणारी वाहिन्यांची वाढ कमी झाल्याचं २००१ मध्ये छापून आलं आहे. म्हणजे एकाच डब्यात गॅसही आणि ब्रेकही. 'चीक काय करतो' या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर मुळातच नाही.

अंडं

अंड्यातल्या भ्रूणाभोवती एक पातळ, वाहिन्यांनी भरलेला पडदा असतो. कोरिओअ‍ॅलँटॉइक हे नाव लांब, म्हणून सगळे त्याला 'कॅम' म्हणतात. चौथ्या-पाचव्या दिवशी तो जुळतो, दहाव्या-अकराव्या दिवसापर्यंत झपाट्याने पसरतो, आणि भ्रूणाची प्रतिकारयंत्रणा तोवर कच्ची असते. आठव्या दिवशी त्यावर छोटी चकती ठेवायची, तीन-चार दिवसांनी चकतीभोवती किती वाहिन्या आल्या ते पाहायचं. स्वस्त, जलद आणि डोळ्यांना दिसणारी चाचणी. डोळ्यांना दिसते म्हणूनच फसवतेही.

बाजारातली खायची अंडी निरुपयोगी, ती फलित नसतात. या प्रकरणात व्हाइट लेगहॉर्नची फलित अंडी आणंदच्या हॅचरीतून आली, ५० ते ६० ग्रॅमची. महिना मे. बडोद्यात दुपारी पारा ४० च्या पुढे आणि अंडी टेम्पोत, ताडपत्रीखाली, दीड तास. पंचवीस-सव्वीस अंशांच्या वर गेलं की भ्रूण अर्धवट जागा होतो. मग प्रयोगशाळेत आणून त्याला १६ अंशांवर ठेवलं की पुन्हा झोपतो. असं एक-दोनदा झालं की काही भ्रूण मरतात आणि उरलेल्यांचं वय एकसारखं राहत नाही. आठवा दिवस म्हणून जे अंडं उघडलं, ते प्रत्यक्षात साडेआठ दिवसांचंही निघतं. दहा दिवसांच्या आत वाढ इतकी वेगात असते की हा अर्धा दिवस कुठल्याही पावडरीच्या परिणामाएवढा दिसतो.

पहिल्या फेरीत ४० अंडी मांडली, आठव्या दिवशी २२ जिवंत. दुसऱ्या फेरीसाठी अंडी पहाटे पाचला उचलली, थर्माकोलच्या पेटीत, जाड टोक वर. प्रयोगशाळेत ती १५ ते १८ अंशांत सहा तास स्थिर ठेवली आणि त्यानंतर इन्क्युबेटरमध्ये गेली. (घरच्या फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवणारेही भेटतात. तिथे भ्रूण टिकत नाही.) १६० अंडी मांडली, आठव्या दिवशी १२१ जिवंत. फरक एवढाच की टेम्पो पहाटे निघाला.

इन्क्युबेटर ३७.५ ते ३७.८ अंश, आर्द्रता ५५ ते ६० टक्के. पहिले तीन दिवस अंडी फिरवायची. तिसऱ्या दिवशी दिव्यावर धरून भ्रूण आहे का ते पाहायचं, टोकाकडून सुईने २ ते ३ मिलिलिटर पांढरं काढायचं म्हणजे आतलं सगळं खाली बसतं आणि कवचापासून सुटतं. मग वरच्या बाजूला सव्वा सेंटिमीटरची खिडकी कापून पारदर्शक टेपने बंद करायची. यानंतर अंडं फिरवायचं नाही.

खिडकी कापताना कवचाची पूड उडते, आणि ती पडद्यावर पडली की तिथे दाह होतो. दाह झाला की तिथे वाहिन्या धावतात. पहिल्या फेरीत कापण्याआधी टेप लावलीच नव्हती, छोट्या ड्रिलच्या चाकतीने सरळ कोरडं कवच कापलं होतं. कोऱ्या चकतीभोवतीही वाहिन्या का आल्या, याचं अर्धं उत्तर इथे होतं. आधी टेप चिकटवायची, टेपसकट कापायचं, तुकडा चिमट्याने उचलायचा: पूड टेपला चिकटून वर येते.

पहिली फेरी: सगळं सुरळीत

चकत्या व्हॉटमन १ फिल्टर कागदाच्या, ६ मिलिमीटरच्या, ऑटोक्लेव्ह केलेल्या. प्रत्येकीवर १० मायक्रोलिटर नमुना, वाळवून. चार गट: नुसतं बफर म्हणजे पीबीएस (पीएच स्थिर ठेवणारं खारं पाणी), कूर्चा अर्क, चीक, आणि उकळलेला चीक. शेवटचा गट पदव्युत्तर विद्यार्थिनीने स्वतःहून घातला होता, आणि पुढचं सगळं त्याच्यामुळे उलगडलं.

७२ तासांनी कूर्चेच्या चकतीभोवती स्वच्छ, फिकट, वाहिनीविरहित गोल दिसला. चिकाच्या चकतीकडे वाहिन्या चाकाच्या आऱ्यांसारख्या धावत आलेल्या. फोटो इतके सुरेख की मालकांनी ते फोनवर मागवले आणि पॅकेटच्या डिझाइनवाल्याला पाठवलेसुद्धा.

दोन गोष्टी मात्र खटकणाऱ्या होत्या. उकळलेल्या चिकाभोवतीही आऱ्या तेवढ्याच होत्या. आणि कूर्चेच्या गटातली दोन अंडी ४८ तासांत मेली होती, बाकी कुठल्याच गटात एवढं झालं नव्हतं. वाहिन्या अडवणारा पदार्थ भ्रूण मारू शकतो, अशक्य नाही. पण विषारी पदार्थही वाहिन्या मारतो, आणि फोटोत दोन्ही सारखेच दिसतात.

मालक प्रयोगशाळेत आले तेव्हा प्रमुख बाईंनी त्यांच्यासमोर दोन फोटो ठेवले.

"मॅडम, यात आणखी काय पाहायचं? गोल स्पष्ट आहे ना."

"गोल स्पष्ट आहे हो काका. हा दुसरा पाहा. तुमची कूर्चा न घालता आम्ही तोच अर्क बनवला, रिकामा. त्याचाही गोल तेवढाच."

रिकामा अर्क

कूर्चेतली अडवणारी प्रथिनं नुसत्या बफरमध्ये फारशी सुटत नाहीत, म्हणून विद्यार्थिनीने जुन्या पद्धतीने ४ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइडमध्ये अर्क काढला होता. ४ अंशांवर रात्रभर ढवळणं, सेंट्रिफ्यूज, वरचा द्रव घेणं. हे बरोबर आहे. ग्वानिडीन प्रथिनांची घडी उलगडतं आणि जिवंत पेशींना घातक असतं, म्हणून ते डायलिसिसने, म्हणजे अर्क बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवून, काढायचं असतं. इथे हिशेब चुकला.

२० मिलिलिटर अर्क पिशवीत भरून २०० मिलिलिटर पाण्यात ठेवला, मग ताज्या २०० मिलिलिटर पाण्यात पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी ग्वानिडीन एकूण २२० मिलिलिटरमध्ये पसरतं, म्हणजे अकरावा भाग उरतो. ४००० मिलिमोलरचे पहिल्यांदा सुमारे ३६४, दुसऱ्यांदा सुमारे ३३. तेहतीस मिलिमोलर ऐकायला कमी वाटतं. पण मग ते २० मिलिलिटर शीतशुष्क करून (गोठवून वाळवून) २ मिलिलिटर पीबीएसमध्ये विरघळवले गेले. ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड उडून जात नाही, ते पावडरीतच राहतं. दहापट घट्ट झाल्यावर ३३० मिलिमोलर. चकतीवरच्या १० मायक्रोलिटरमध्ये त्याचा हिशेब ०.३ मिलिग्रॅमचा. त्याच चकतीवर कूर्चेचं प्रथिन किती? ब्रॅडफर्ड चाचणीने ५० मायक्रोग्रॅम. प्रथिनाच्या सहापट ग्वानिडीन पडद्यावर ठेवून वाहिन्या का गेल्या, हे विचारलं जात होतं.

द्रवात विरघळलेले कण एकूण किती ते मोजणाऱ्या ऑस्मोमीटरने हे दोन मिनिटांत कळलं असतं. पीबीएस २९० च्या आसपास, ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड पाण्यात दोन कणांत फुटतं म्हणून ३३० चे आणखी ६६० पर्यंत: नमुना ९०० मिलिऑस्मोलच्या वर. भ्रूणाच्या पडद्याला २८० ते ३१० सोसतं. ऑस्मोमीटर नसेल तर वाहकता मोजायचं साधं मीटरही चालतं: डायलिसिसच्या बाहेरच्या पाण्याची वाहकता ताज्या पाण्याइतकी होईपर्यंत थांबायचं नाही.

दुसऱ्या वेळी तोच अर्क २० मिलिलिटर, बाहेर २ लिटर, चार वेळा बदल, ४ अंशांवर ४८ तास. पिशवी दोन-तृतीयांशच भरायची, पाणी आत शिरून ती फुगते. पहिल्या वेळी एक गाठ सुटून अर्धा अर्क गेलाच होता. सुरुवातीला पिशवीत पांढरा साका बसला. ग्वानिडीन गेल्यावर काही प्रथिनं विरघळलेली राहत नाहीत, तो साका फेकायचा नाही, वेगळा ठेवून त्याचंही प्रथिन मोजायचं. नाहीतर परिणाम दिसला नाही म्हणायचं आणि परिणाम करणारा भाग गाळात राहिलेला असायचा.

रिकामा अर्क म्हणजे पावडर सोडून बाकी सगळं: तोच ग्वानिडीन, तीच पिशवी, तेवढंच पाणी, तेवढाच वेळ, शीतशुष्क करणं, शेवटी तेवढंच पीबीएस. बाटलीतून घेतलेलं ताजं पीबीएस त्याची जागा घेऊ शकत नाही, ते या रस्त्याने आलेलंच नसतं. पहिल्या फेरीतली तुलना नेमकी अशीच होती, अर्क एका रस्त्याने आलेला आणि बफर बाटलीतून.

दुसरी फेरी

नऊ गट, प्रत्येकी १२ अंडी. पीबीएस; वाढ करणारं ज्ञात प्रथिन म्हणजे बीएफजीएफ; अडवणारं ज्ञात औषध सुरामिन; नीट डायलिसिस केलेली कूर्चा; तसाच रिकामा अर्क; जुन्या पद्धतीचा, ग्वानिडीन राहिलेला रिकामा अर्क; चीक; तेवढ्याच प्रमाणात साध्या दुधाची पावडर; आणि ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराने पचवलेला चीक.

अंड्यांची वाटणी आठव्या दिवशी, जिवंत अंड्यांमधूनच, चिठ्ठ्या टाकून. आधीच्या फेरीत ट्रेची वरची ओळ कूर्चेला आणि खालची चिकाला होती. इन्क्युबेटरच्या पंख्याजवळ आणि दाराजवळ अर्ध्या अंशाचा फरक सहज असतो, म्हणून आता प्रत्येक ट्रेमध्ये नऊही गट. अंड्यांवर फक्त आकडे. कोणता आकडा कशाचा, ती वही बाईंच्या टेबलाच्या खणात. मोजणाऱ्या दोघी वेगवेगळ्या बसून मोजणार आणि एकमेकींचे आकडे शेवटीच पाहणार.

चकती वाळत जाताना आकसते आणि पडदा स्वतःकडे ओढते. जुन्याच वाहिन्या सरळ होऊन चकतीकडे वळलेल्या दिसतात, अगदी आऱ्यांसारख्या. म्हणून आता फोटो चार वेळा: ठेवल्याबरोबर, २४, ४८ आणि ७२ तासांनी. पहिल्या फोटोत जी वाहिनी आधीच होती ती नवी म्हणून मोजायची नाही. हा एक नियम लावल्यावर पीबीएसच्या गटातल्या बहुतेक 'नव्या' वाहिन्या गळून पडल्या. पहिल्या फेरीत फोटो फक्त शेवटचा होता, त्यामुळे तिथे हे तपासताच येत नाही.

शेवटच्या फोटोआधी पडद्याखाली बारीक सुईने थोडं दुधाचं क्रीम सोडलं जातं. बलकाच्या पिवळ्यावर लाल वाहिनी नीट उठत नाही, पांढऱ्यावर केसाएवढी फांदीही दिसते. सुई पडद्यातून न जाता कडेने जायला हवी, नाहीतर रक्ताचा डाग पसरतो आणि ते अंडं मोजणीतून जातं. फोटोनंतर, बाराव्या दिवसापुढे कुठलंही अंडं वाढवलं नाही. ती उणे २० अंशांत गेली.

एका अंड्याचे चार फोटो म्हणजे चार निरीक्षणं नव्हेत. गणिताच्या दृष्टीने एक अंडं म्हणजे एक. बारा अंड्यांचे प्रत्येकी चार कोपरे मोजून 'संख्या ४८' लिहिणारे अहवाल सगळीकडे फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नये.

मुख्य चाचणीआधी सगळे नमुने नऊ दिवसांच्या काही वेगळ्या अंड्यांवर दाहासाठी तपासले: पडद्यावर ०.३ मिलिलिटर नमुना आणि घड्याळ लावून पाच मिनिटं. रक्तस्राव, वाहिनी फुटणं, रक्त गोठणं, यांपैकी काही झालं तर नमुना वाढीच्या चाचणीला लायकच नाही. तुलनेला ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि ०.९ टक्के मीठपाणी. जुन्या रिकाम्या अर्काने दुसऱ्याच मिनिटात वाहिन्या फोडल्या. नव्याने काही केलं नाही. ही पाच मिनिटं पहिल्या फेरीआधी घालवली असती तर तीन आठवडे वाचले असते.

निकाल: कूर्चा

वही खणातून निघाली तेव्हा गट असे पडले. बीएफजीएफभोवती वाहिन्या वाढल्या, सुरामिनभोवती कमी झाल्या. म्हणजे अंडी बोलत होती, चाचणी चालू होती. जुना रिकामा अर्क: तोच सुंदर गोल, कूर्चेचा कणही नसताना. नीट धुतलेली कूर्चा आणि नीट धुतलेला रिकामा अर्क यांत फरक नाही.

यावरून शार्कच्या कूर्चेत काहीच नसतं असं म्हणता येत नाही. १९८३ चं काम बाजारातल्या पावडरीवरचं नव्हतं, कॅप्सूलमधली पावडर धुऊन, वाळवून, बारीक दळून आलेली असते, आणि उष्णतेत ती प्रथिनं किती टिकली हे कुणी मोजलेलं नसतं. म्हणता येतं ते एवढंच की या लॉटच्या अर्काने, चकतीमागे ५० मायक्रोग्रॅम प्रथिनाला, कॅमवर वाढ अडवली नाही.

निकाल: चीक

इथे प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि खरं तर जास्त रंजकही.

नमुना बनवतानाच कसरत. पावडर पीबीएसमध्ये मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, सेंट्रिफ्यूजने वरची चरबी काढणं, आम्ल घालून पीएच ४.६ ला आणणं म्हणजे केसीन गुठळ्या होऊन बसतं, वरचं पाणी घेऊन पीएच परत ७.२. मग गाळणं: थेट ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर लावला की दोन मिलिलिटरमध्ये तुंबतो. ५, ०.८, ०.४५ आणि शेवटी ०.२२ अशा पायऱ्यांनी जायचं. त्यानंतर पुन्हा प्रथिन मोजायचं, कारण फिल्टरवर बरंच चिकटून राहतं.

चिकाभोवती वाहिन्या पीबीएसपेक्षा जास्त आल्या, साध्या दुधापेक्षाही जास्त. फोटोंच्या नियमातून गळून उरलेल्या, खऱ्या नव्या वाहिन्या. एवढ्यावर थांबलं असतं तर मालकांचा दुसरा कागद तयार होता.

पण ट्रिप्सिनने पचवलेल्या चिकाभोवतीही जवळपास निम्मी वाढ शिल्लक होती. वाढ जर फक्त प्रथिनांमुळे असेल तर प्रथिनं तोडल्यावर ती जायला हवी. शंका गेली ती जिवाणूंच्या आवरणातल्या एंडोटॉक्सिनवर. चिकाची पावडर निर्जंतुक नसते. गोठ्यातून आलेला चीक, गरम हवेत फवारून वाळवलेला. फिल्टर जिवाणू अडवतो, त्यांचं एंडोटॉक्सिन आरपार जातं. पडद्याला ते दाह म्हणून कळतं, दाहाच्या पेशी येतात, आणि त्याच वाहिन्यांना हाक मारतात. उकळण्यानेही ते जात नाही. पहिल्या फेरीतल्या उकळलेल्या चिकाच्या आऱ्यांचा उलगडा बऱ्याच अंशी इथे होतो.

पूर्ण मात्र होत नाही. दुधातलं बरंचसं टीजीएफ-बीटा सुप्त अवस्थेत असतं, आणि उष्णता किंवा तीव्र आम्ल त्याला जागं करतं. जागं झालेलं टीजीएफ-बीटा कॅमवर स्वतःच वाहिन्या आणतं. म्हणजे 'उकळलेला नमुना म्हणजे मेलेला नमुना' हा सर्रास धरलेला हिशेब चिकाला लागू नाही. कुणी चीक उकळून तुलना करत असेल, तर त्याचा शून्य बिंदूच हललेला आहे. ट्रिप्सिन हा जास्त प्रामाणिक उपाय, त्यातही शेवटी ट्रिप्सिन निष्क्रिय करून नुसत्या निष्क्रिय ट्रिप्सिनचीही एक चकती ठेवावी लागते. या फेरीत ती राहून गेली, हा दोष अहवालात लिहिला गेला.

एंडोटॉक्सिन मोजायची चाचणी घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या खेकड्याच्या (हॉर्सशू क्रॅबच्या) रक्तपेशींच्या अर्काने होते. दुधाची प्रथिनं त्या चाचणीत आडवी येतात, त्यामुळे नमुना पायरीपायरीने पातळ करायचा आणि प्रत्येक पायरीवर माहीत असलेलं एंडोटॉक्सिन घालून ते किती परत मिळतं ते पाहायचं. ५० ते २०० टक्क्यांच्या आत मिळालं तरच तो आकडा धरायचा. पहिल्यांदा पातळ न करता केलेली चाचणी 'नाही' म्हणाली होती. शंभरपट पातळ केल्यावर 'आहे' म्हणाली, आणि भरपूर.

तिसरी छोटी फेरी, फक्त २४ अंडी: चीक तसाच, आणि एंडोटॉक्सिनला बांधून ठेवणारं पॉलिमिक्सिन बी घातलेला चीक. वाढ कमी झाली, पीबीएसइतकी नाही. जे उरलं ते चिकाचं स्वतःचं असू शकतं, किंवा पॉलिमिक्सिनला न जुमानलेल्या एंडोटॉक्सिनचं. २४ अंड्यांवर हे सोडवता येत नाही.

पेशींवरची चाचणीही करून पाहिली. नाळेच्या शिरेतल्या पेशी, ९६ खणांच्या प्लेटमध्ये, खणाला ५० मायक्रोलिटर मॅट्रिजेल (पेशींना आधार देणारं जेल) आणि १५ ते २० हजार पेशी. मॅट्रिजेल खोलीच्या तापमानाला हातातच घट्ट होतं, म्हणून टिपा आणि प्लेट बर्फावर. नळ्यांची जाळी चार ते आठ तासांत पाहायची. रात्रभर ठेवली की ती आपोआप तुटते आणि सगळेच नमुने 'अडवणारे' दिसतात. सोबत पेशी जिवंत आहेत का याची एमटीटी चाचणी हवीच. चिकाने इथे विशेष काही केलं नाही. या प्लेटमध्ये दाहाच्या पेशीच नसतात, तेव्हा अंड्यावर दिसलेल्या वाढीत दाहाचा वाटा मोठा होता या शंकेला यातून बळ मिळतं. पुरावा तो नव्हे.

अहवाल

मालकांचा शेवटचा मुद्दा रास्त होता: "मॅडम, थोडं का होईना, चिकानं वाढलं ना? मग 'वाहिन्यांच्या वाढीस मदत' एवढं तरी लिहा."

बाईंनी नकार दिला तो दोन कारणांनी. एक, चकती थेट पडद्यावर बसते, पावडर पोटात जाते आणि तिथे आम्ल आणि पेप्सिन असतं. तोंडावाटे काहीच पोचत नाही असं नाही, लॅक्टोफेरिनचं उदाहरण आहेच. पण ते उंदराला खाऊ घालून पाहिलेलं आहे. इथे कुणाला काही खाऊ घातलेलं नाही. दोन, वाढ आणली कुणी, चिकानं की त्यातल्या जिवाणूंच्या अवशेषानं, हेच ठरलेलं नाही.

कूर्चेच्या पॅकेटवर कर्करोगाचा उल्लेख करायचा तर १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याच्या यादीत कर्करोग आहेच, तशी जाहिरात गुन्हा ठरते. पूरक पदार्थांच्या नियमांनुसार ते औषधी वापरासाठी नाही हे पॅकेटवर छापावं लागतं. पॅकेटचं नवं डिझाइन, फोटोसकट, रद्द झालं. छपाईची आगाऊ रक्कम बुडाली.

अहवालात कूर्चेपुढे 'या लॉटमध्ये, या मात्रेला परिणाम आढळला नाही' आणि चिकापुढे 'वाढ आढळली, कारण अनिर्णित, एंडोटॉक्सिन जास्त' असं लिहिलं गेलं. चिकाच्या पुरवठादाराला दर लॉटमागे जिवाणूंची मोजणी आणि एंडोटॉक्सिनचा आकडा मागायचा, असा सल्ला खाली जोडला.

कूर्चेबाबत एक प्रश्न बाजूलाच निघाला. पुरवठादाराच्या बिलावर फक्त 'फिश कार्टिलेज' एवढंच होतं, कुठला शार्क ते नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर येणारा व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याची कूर्चा जवळ सापडणं हाच गुन्हा. पावडरीतून डीएनए काढून प्रजाती ओळखता येते, उष्णतेने तुटलेल्या डीएनएसाठी लहान तुकड्यांवर चालणारी पद्धत घ्यावी लागते. दहा ग्रॅम नमुना त्यासाठी वेगळा बांधून ठेवला, आणि तो निकाल येईपर्यंत कूर्चेच्या कॅप्सूल भरण्याचं यंत्र बंद ठेवायचं ठरलं.